शिवरायांचा दर्याई नारळ आणि चेन्नईचा ताडगोळा



मागच्या भागात आपण जिंजीचा किल्ला चढलो होतो. त्या पायऱ्यांनी ज्यांचे गुडघे बोलू लागले असतील त्यांच्यासाठी आजचा भाग सपाटीवरचा आहे. आज तुम्हाला मी चेन्नईत आणतो, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे एप्रिल ते जून रस्त्याच्या कडेला एक माणूस ताडफळांचा ढीग लावून बसतो. काळी-जांभळी फळे, हातात कोयता, शेजारी पानांची चळत. एका घावात फळाचा माथा उडतो, आत तीन डोळे दिसतात, आणि त्या डोळ्यांतून तो अंगठ्याने ताडगोळे अलगद बाहेर काढतो. तमिळमध्ये याला ‘नुंगू’ म्हणतात. आपल्याकडे पालघर-डहाणूच्या रस्त्याने गेलेल्यांना हे दृश्य नवे नाही. फरक इतकाच की तिकडे ‘ताडगोळे घ्या ताडगोळे’ अशी हाळी असते आणि इथला माणूस गप्प बसून कोयता चालवतो.

तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, इतिहास सोडून फळे कुठे विकायला लागलात? जरा दम धरा. या फळाच्या कुळाचा शिवछत्रपतींच्या एका पत्राशी संबंध आहे, आणि माझ्या स्वतःच्या रक्ताच्या तपासणीशीही आहे. दोन्ही सांगतो.

किल्ल्यावर आलेले पत्र

साल १६७७. महाराज दक्षिण दिग्विजयावर निघाले होते. भागानगरला कुतुबशहाची भेट झाली, मग तिरुपती, कालहस्ती करत मराठा फौज मे महिन्यात मद्रासच्या जवळून गेली. समुद्रकाठी इंग्रजांचा फोर्ट सेंट जॉर्ज. त्याला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. आत गव्हर्नर होता सर विल्यम लँगहॉर्न. तुम्ही त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तटबंदी बेताची, शिबंदी थोडी, आणि ज्याने सुरत दोनदा लुटली तो राजा काही कोसांवर तळ देऊन बसलेला.

अशा वेळी महाराजांचा एक ब्राह्मण वकील आणखी दोघांना घेऊन किल्ल्यावर आला. सोबत पत्र. मागणी काय असेल? दारूगोळा? खंडणी? मागणी होती औषधांची! विषावरचे उतारे आणि हृदयाला बळ देणारे खडे हवे होते, आणि त्यांची किंमत देण्याची तयारीही पत्रातच होती. इंग्रजांच्या सल्लागार मंडळाच्या मे १६७७ च्या नोंदीत हे सारे आहे. एवढ्या किरकोळ रकमेसाठी या माणसाकडे पैसे मागणे शहाणपणाचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि सगळे भेट म्हणून पाठवले. त्या यादीत खडे होते, आणि एक वस्तू होती ‘मालदीवचा नारळ’. शिवाय किल्ल्याच्या बागांतली फळे दिली. वकिलाला बनात आणि चंदन दिले.

मी फौजी माणूस आहे, म्हणून या मागणीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. घरापासून शेकडो मैलांवर, अनोळखी पाणी, अनोळखी अन्न, आणि दरबारी जगात विषप्रयोगाची भीती कायम मानेवर. अशा मोहिमेत सेनापती आधी औषधाचा साठा पाहतो. पुढे त्याच वर्षी महाराजांनी पुन्हा औषधे मागवली आणि सोबत सुरुंग-तोफांचे जाणकारही मागितले. इंग्रजांनी औषधे पाठवली, माणसे मात्र गोड बोलून टाळली. व्यापारी लोक! पण त्यात नवल ते काय?

मालदीवचा नारळ मालदीवचा नव्हता

हा ‘मालदीवचा नारळ’ म्हणजे आपला दर्याई नारळ. कोणी त्याला जहरी नारळ म्हणतात, म्हणजे जहरावरचा. दोन नारळ एकमेकांना चिकटवावेत असा दुपेडी, आणि वजन एखाद्या लहान मुलाइतके. वनस्पतींच्या जगात याच्याहून मोठे बी नाही. फकिरांच्या हातात जो काळा, नावेसारखा कटोरा असतो तो याच्याच अर्ध्या करवंटीचा.

तो लाटांवर तरंगत मालदीवच्या किनाऱ्याला लागायचा. झाड कोणीच पाहिलेले नव्हते. मग माणसाने काय करावे? कल्पना लढवावी. म्हणे समुद्राच्या तळाशी झाड असते, तिथून हे फळ वर येते. जे फळ इतके गूढ, ते औषध किती गुणकारी असणार! गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या नारळाची दखल घेतली आहे. विषावर उतारा म्हणून त्याची ख्याती युरोपपर्यंत गेली. राजेमहाराजे करवंटीला सोन्याचांदीचे पाय लावून त्यातून पेय घेत, म्हणजे विष असले तरी बाधणार नाही. यादीतल्या त्या खड्यांचेही तेच. गोव्यातले जेझुइट पाद्री असे खडे तयार करत आणि ते मोठ्या किमतीला जगभर जात.

आणि मग १७६८ साली फ्रेंच दर्यावर्दींना सेशेल्स बेटांवर, प्रास्लँ नावाच्या बेटावर, या नारळाची झाडेच सापडली. समुद्राच्या तळाशी नाहीत, डोंगरउतारावर, उन्हात उभी. ताडाच्याच कुळातली, ताडासारखीच पंखाकार पानांची. एकदा झाड सापडल्यावर जहाजे भरभरून नारळ बाजारात आले आणि भाव कोसळला. फळ तेच, गर तोच, फक्त गूढ संपले. गूढ संपले तसा गुणही संपला!

महाराजांचा यात काही दोष नाही, हे आधीच सांगतो. त्या काळचे जे उत्तम वैद्यकीय ज्ञान होते, पॅरिसच्या राजवैद्याकडे होते आणि आपल्या वैद्यांकडेही होते, त्याप्रमाणे त्यांनी उत्तम औषध मागवले. दोष असेल तर माणसाच्या एका जुन्या खोडीचा आहे. दुरून आले, महाग मिळाले, म्हणजे औषधी. दारातले, स्वस्त, म्हणजे बिनकामाचे.

तो मे महिना होता मंडळी. मे महिन्यात या किनाऱ्यावर ताडगोळ्यांचा भर असतो. दर्याई नारळाचा सख्खा चुलतभाऊ किल्ल्याच्या आसपास हजारोंनी लगडलेला होता. त्याला कोण विचारणार?

बदनाम झाड

आपल्याकडे म्हण आहे, ताडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडी प्याला म्हणतात. एका म्हणीने झाडाची अब्रू गेली. इंग्रजीतला ‘टॉडी’ हा शब्दही आपल्या ताडीवरूनच गेलेला आहे. झाडाचे नाव निघाले की माणसाच्या डोळ्यांसमोर मडके येते, फळ येत नाही.

तमिळ माणसाचे तसे नाही. त्याच्या लेखी हा कल्पवृक्ष. आपण कल्पवृक्ष म्हणतो तो माडाला, ते पनै म्हणजे ताडाला म्हणतात. चेर राजांची ओळख ताडाच्या फुलांची माळ होती. विल्यम फर्ग्युसन नावाच्या इंग्रजाने १८५० साली कोलंबोत ताडावर पुस्तक छापले, त्यात एका तमिळ काव्याचा उल्लेख आहे, ‘ताल विलासम्’. त्या कवीने ताडाचे उपयोग मोजले होते ८०१. कवीच्या मोजणीतून थोडी घट धरली तरी आकडा लहान नाही. खोडाचे वासे, पानांचे छप्पर, चटया, टोपल्या, सुपे, दोर, विहिरीतून पाणी काढायची बादली. आज देशातले जवळपास निम्मे ताड एकट्या तमिळनाडूत आहेत आणि तो या राज्याचा राज्यवृक्ष आहे. चेन्नईच्या दक्षिणेला समुद्राकाठी पनैयूर म्हणून वस्ती आहे. पनै म्हणजे ताड, ऊर म्हणजे गाव. आपल्या ताडदेवची तमिळ बहीणच म्हणा. दोन्हीकडे आता ताडापेक्षा टॉवर जास्त.

आणि पाने! छापखाना येण्याआधी या देशाची अर्धी स्मरणशक्ती ताडाच्या पानांवर होती. पान वाळवायचे, उकळायचे, गुळगुळीत करायचे, लोखंडी टोकाने अक्षरे कोरायची आणि वर काजळी फासायची. तंजावरला व्यंकोजीराजांचे राज्य आल्यावर मराठी मंडळी या मुलखात रुजली. पुढे सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या काळात सरस्वती महाल ग्रंथालय जे वाढवले, त्यात हजारो ताडपत्रे आहेत. मराठी राजा, तमिळ झाड, संस्कृत-तेलुगू-तमिळ ग्रंथ! सरफोजींनी धन्वंतरी महाल काढून औषधांवर कामही करवून घेतले. चेन्नईच्या बेझंट नगरात उ. वे. स्वामिनाथ अय्यरांच्या नावाचे ग्रंथालय आहे. या गृहस्थाने गावोगावी हिंडून, माळ्यावर वाळवी खात पडलेली ताडपत्रे गोळा केली आणि संगमकालीन तमिळ काव्ये छापून जगापुढे आणली. ताडाचे पान टिकले नसते तर ते वाङ्मयही टिकले नसते.

मुंडके उडालेले ताड

माझी आणि या झाडाची ओळख १९८३ मध्ये झाली. पदवी घेतली आणि मद्रासच्या सेंट थॉमस माउंटला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो. पुढे १९८८ मध्ये तिचे नाव अकॅडमी झाले. मे महिन्यातली ती रपेट, पाठीवर बोजा, अंगावर घामोळ्यांची नक्षी. एका रविवारी सुट्टी मिळाली तेव्हा रस्त्यावरच्या एका आजीबाईने ताडगोळे दिले आणि त्यांची साल अंगाला चोळ म्हणून खुणेने दाखवले. चोळली. गारवा वाटला. औषध म्हणा नाहीतर आजीची माया म्हणा, त्या रात्री झोप लागली.

कमिशन मिळाले मद्रास रेजिमेंटमध्ये. जवान दक्षिणेतले, म्हणून तमिळ शिकावीच लागली. माझा प्लाटून हवालदार तिरुनेलवेलीकडचा, ताडावर चढणाऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांच्या छातीवर आणि तळहातांवर खोडाने घासून घट्टे पडलेले. हंगामात दिवसाला तीस-चाळीस ताड, आणि तेही दोन वेळा. ऐंशी-नव्वद फूट वर, कमरेला धारदार सुरी आणि मडकी. ‘बापाला झाडावरून खाली उतरवायला मी फौजेत आलो साब,’ असे तो म्हणायचा. त्याची पगाराची मनीऑर्डर कधी चुकली नाही.

मग आम्ही शांतिसेनेतून श्रीलंकेला गेलो. जाफन्याचा मुलूख म्हणजे ताडांचाच देश. लाल माती, ताडाच्या पानांची कुंपणे आणि जिकडे बघाल तिकडे काळे उभे खांब. बंकर ताडाच्या खोडांचे. आमचेही आणि समोरच्यांचेही. तंतुमय खोड गोळी पोटात घेते, फुटून उडत नाही. लढाईत हे फार लवकर कळते. एका गावाबाहेर तोफमाऱ्यात शेंडे उडालेल्या ताडांची रांग होती. नुसते खांब, डोक्याविना. हवालदार तिथे थांबला. युद्धात पुष्कळ पाहिलेला माणूस, पण तिथे थांबला. म्हणाला, ‘आंब्याची फांदी तुटली तर बाजूने फुटते साब. ताडाचे मुंडके उडाले की संपले. याला एकच शेंडा असतो.’

आणि नवे झाड? ताडाला फळ धरायला बारा ते वीस वर्षे लागतात. आपण एका क्षणात तोडतो त्याची भरपाई करायला एक पिढी जाते. हे वाक्य मी पुढे अनेक व्याख्यानांत अनेक गोष्टींबद्दल वापरले. मूळ त्या हवालदाराचे आहे.

भंडारी, वर्धा आणि गूळ

ताडावर चढणारा माणूस लढवय्या का असतो, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला होता. आपल्याकडचे भंडारी घ्या. पिढीजात धंदा माड-ताडाचा रस काढण्याचा. पण १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रज आरमाराला तोंड देत तटबंदी उभी करणारा महाराजांचा शिलेदार कोण? मायनाक भंडारी. आणि मुंबईत गव्हर्नर ऑन्जिअरने रखवालीसाठी उभारलेली फौज कोणाची? तीही भंडाऱ्यांची. मुंबई पोलिसांचा इतिहास त्या भंडारी मिलिशियापासून सांगतात. उंचीची भीती नाही, हातात रोज सुरी, पहाटे उठण्याची सवय आणि पकड अशी की सुटली तर जीव जाईल. याला आणखी कोणते प्रशिक्षण हवे?

हा धंदा दारूबंदीत अडकला. राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यातून दारूबंदी सुरू केली, मुंबई राज्यात १९४९ चा कायदा आला. ताडीने घरे उद्ध्वस्त होत होती, हे खोटे नाही. बायकांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. पण झाडावर चढणाऱ्याच्या पोटाचे काय?

त्याचे एक उत्तर वर्ध्यात शोधले गेले. गांधीजींनी डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचे काम मगनवाडीत बसून पाहणारा माणूस होता जे. सी. कुमारप्पा. जन्म तंजावरचा, १८९२ चा. म्हणजे बघा, मराठे महाराष्ट्रातून तंजावरला आले आणि अडीचशे वर्षांनी तंजावरचा माणूस वर्ध्याला गेला! विचार साधा होता. ताडाचा ताजा रस आंबला की ताडी, आंबू दिला नाही तर नीरा, आणि नीरा आटवली तर गूळ. ताडाला पाटाचे पाणी लागत नाही, खत लागत नाही, बांधावर उभा राहतो. मग उसासाठी चांगली जमीन आणि पाणी का घालवायचे? ती धान्याला द्या, गूळ ताडाचा करा. गजानन नाईकांसारख्या कार्यकर्त्यांनी ताडगुळाच्या कामाला आयुष्य दिले. आजही चेन्नईत माधवरमला खादी आयोगाची ताडगूळ आणि ताड-उत्पादनांची संस्था आहे, त्या वस्तीचे नावच कुमारप्पापुरम्.

तमिळनाडूत ताडी काढायला आजही बंदी आहे. त्याच वेळी बाटलीबंद दारू मात्र २००३ पासून सरकारी दुकानांतच विकली जाते. यावर इथले ताडवाले वर्षानुवर्षे भांडत आहेत. मी त्यात न्यायाधीश होत नाही. पण प्रश्न वाजवी आहे एवढे म्हणेन.

माझा दर्याई नारळ

आता माझ्या रक्ताकडे वळतो. निवृत्तीनंतर मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या, साखर बंद. मला चहा-कॉफी गोड लागते, हा माझा जुना आजार. अशात कोणीतरी सांगितले, करुप्पट्टी घ्या. करुप्पट्टी म्हणजे ताडगूळ. नैसर्गिक आहे, मधुमेहाला चालतो, उलट साखर उतरवतो. एका दुकानात छान मातीच्या मडक्यात, कापडाने बांधलेला मिळाला. भाव साध्या गुळाच्या कितीतरी पट. महाग आहे म्हणजे खरा असणार, ही माझी अक्कल! सकाळी दोन, दुपारी एक, संध्याकाळी दोन अशा कॉफ्या सुरू झाल्या. मनात अपराध नाही, उलट आरोग्यासाठी काहीतरी करतोय असा अभिमान.

तीन महिन्यांनी तपासणी केली. एचबीएवनसी ६.९ वरून ८.४ वर. डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘कर्नल, काय खाता?’ मी मोठ्या ऐटीत ताडगुळाचे नाव सांगितले. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, ‘तो शुद्ध असला तरी त्यात मुख्यतः सुक्रोजच. उसाच्या साखरेत असते तीच साखर. वर थोडी खनिजे आणि सुरेख वास.’

‘शुद्ध असला तरी’ हे शब्द डोक्यात राहिले. तिरुनेलवेलीला हवालदाराला फोन लावला. तोही निवृत्त, नातवंडांत रमलेला. गुळाचा फोटो पाठवला, तोडून आतला भागही दाखवला. त्याने एका मिनिटात सांगितले, ‘साब, यात उसाची साखर घातलीय. इतका चकचकीत आणि इतका एकसारखा आमच्याकडे कधी होत नाही.’

तेव्हा मला १६७७ चे ते पत्र आठवले. साडेतीनशे वर्षे झाली, खोड तीच. तो नारळ निदान खरा होता. माझा तर तोही नव्हता.

मग खायचे काय, कसे?

हवालदार, डॉक्टरीणबाई आणि माझा अनुभव, तिघांना एकत्र बसवून जे हाती आले ते सांगतो. लिहून घ्या.

ताडगोळा. यात बहुतेक पाणीच असते, साखर थोडी. उन्हाळ्यात तहान भागवायला, पोटाला हलका, वयस्कर माणसालाही चालणारा. बोटाने दाबून पाहा, जेलीसारखा लवचीक हवा. आत पाणी असलेला कोवळा उत्तम. घट्ट, रबरासारखा झालेला पोटात जड पडतो. सालीचा तुरट भाग लहान मुलांना काढून द्या. फोडल्यावर तासाभरात खा, फोडून उन्हात ठेवलेले घेऊ नका. माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला दोन-तीन खायची परवानगी दिली. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पिकलेले ताडफळ. केशरी, दोऱ्यादोऱ्यांचे, वासाने घर भरणारे. भाजून चोखतात. बंगालात जन्माष्टमीला याचे वडे करतात. किंचित कडवटपणा असतो, तो त्याचा स्वभाव आहे. केशरी रंग गाजराच्या रंगाच्याच कुळातला.

ताडाचा कोंब, पनंगिळंगु. माझ्या मते हा या झाडाचा दडलेला हिरा. बिया मातीत पुरून ठेवल्या की तीन-चार महिन्यांनी खाली जाड मुळासारखा कोंब तयार होतो. पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमाराला चेन्नईच्या बाजारात जुड्या येतात. हळद-मीठ घालून चांगला उकडायचा, कच्चा खायचा नाही. दोरे सोलून काढायचे, मधला दांडा टाकून द्यायचा. पिष्ट आणि चोथा भरपूर, पोट भरते. दुष्काळात याच कोंबांनी माणसे जगवली आहेत. जाफन्यात तो वाळवून पीठ करतात आणि त्या पिठात मासळी घालून कूळ नावाचे दाट कालवण करतात. आपल्या हुलग्याच्या माडग्याला मासळी भेटली तर जे होईल ते.

नीरा, इथले पदनीर. मडक्याला आतून चुना फासतात, म्हणजे रस आंबत नाही. पहाटेचा उत्तम. पण शंभर मिलिलिटरमागे दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे एका पेल्यात चार चमचे. धडधाकट माणसाने खुशाल प्यावी, माझ्यासारख्याने हात जोडावेत. आणखी एक सावधगिरी. बांगलादेशात शिंदीच्या कच्च्या रसातून निपाह विषाणू माणसांत आल्याचे तपासात दिसले आहे. रात्री वटवाघळे मडक्याशी येतात. म्हणून उघड्या मडक्यातला रस कुठूनही पिऊ नका. विक्रेता मडके झाकतो का, विचारा.

ताडगूळ आणि ताडाची खडीसाखर. सुंठीच्या काढ्यात, मिरे घातलेल्या दुधात, घसा बसला की. मार्गशीर्षातल्या संगीत महोत्सवात चेन्नईचे गवई हेच पितात. चव म्हणून, चिमूटभर. औषध म्हणून मडकेभर नको. घ्यायचाच तर ओळखीच्या गावातून घ्या. तूतीकोरीन जिल्ह्यातल्या उडनगुडीच्या ताडगुळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कोयता कोणाच्या हातात?

परवा त्या नुंगूवाल्याशी बोलत बसलो. चेंगलपट्टूच्या पुढून पहाटेच्या टेम्पोने माल आणतो. मी विचारले, ‘तंबी, झाडावर कोण चढतं?’

‘मामा चढतो सार. एकसष्ट वर्षांचा आहे.’

‘त्याच्यानंतर?’

त्याने कोयता फळावर टेकवला. ‘माझा मुलगा मोटरसायकलवर जेवण पोचवतो. झाडावर चढ म्हटलं तर मुलगी कोण देणार, विचारतो.’

उत्तर माझ्याकडे नव्हते. वीटभट्ट्यांसाठी ताड फार कापले गेले. २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने ताड तोडायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल असे जाहीर केले आणि तीस जिल्ह्यांत ७६ लाख बिया वाटायची योजना आणली. चांगले पाऊल आहे, पण बी पेरणारे हात मिळतील, चढणारे कुठून आणायचे? फळ माणसावाचून खाली येत नाही. नुंगू हवा तर तो कोवळा असतानाच कापावा लागतो, आपोआप गळतो तेव्हा त्याचा नुंगू राहिलेला नसतो. चढायची साधने, विमा, बरा दाम आणि गावात मान, हे चारही मिळाले तर एखादा मुलगा कदाचित चढेल. माझ्या हवालदाराने बापाला खाली उतरवले ते बरोबरच केले. पण तो म्हणतो, ‘साब, विमा असता आणि नाव असतं तर बाप खाली आलाच नसता. त्याला वर आवडायचं.’

म्हणून माझी एक विनंती आहे. तुम्ही चेन्नईत असा, डहाणूत असा, वसईत, बडोद्यात किंवा हैदराबादेत असा, या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या त्या माणसासमोर थांबा. घासाघीस करू नका. मडक्यातल्या महाग चमत्कारावर पैसे घालवण्यापेक्षा त्याच्याकडून डझनभर ताडगोळे घ्या, आणि झाडावर कोण चढतो ते विचारा. मी मागच्या पावसाळ्यात जवळच्या तळ्याच्या बांधावर काही मंडळींबरोबर दोनशे बिया पुरल्या. किती उगवल्या ते मोजायला येत्या रविवारी सकाळी सहाला जातोय. चेन्नईतल्या मराठी मंडळींनी जरूर यावे. पाण्याची बाटली आणावी, टोपी घालावी.

पुढच्या भागात वेलूरचा किल्ला आणि महाराजांच्या फौजेने त्याला दिलेला लांबलचक वेढा.

तोवर तब्येत सांभाळा. जय हिंद, जय महाराष्ट्र.